एका शब्दापुरता दम

पालिताण्याहून सांगून आलेल्या स्थळाला आज होकार किंवा नकार कळवायचा होता आणि आमची नात झंखना महिनाभर मला, तिच्या बाला म्हणजे आजीला, एकच पालुपद ऐकवत होती, "बघू ना बा, मम्मी म्हणेल तसं." सून होकार द्यायला टपलेलीच. मी म्हटलं, नातीच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कळवणार नाही.

त्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजनामुळं तिच्या नसा बाविसाव्या वर्षीच कडक व्हायला लागल्यात. म्हणून तिला त्यांच्या दवाखान्यात जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर बसवलं होतं. मी शेजारी खुर्ची ओढली. ती आरामात पाय हलवत माझ्याशी गप्पा मारत होती.

बाई हसल्या. "बा, ही एवढी बोलतेय म्हणजे हळू चाललंय. हळूनंही फायदा होतो, पण मधूनमधून जोर लावला तर रक्त जोरात धावतं, नसांना सैल व्हायची सवय लागते. एका शब्दापलीकडे बोलता येऊ नये इतका जोर हवा. तुम्ही विचारत राहा."

"विचारायला मला शिकवू नका."

झंखनानं जोर लावला. चेहरा लालबुंद झाला, घाम हनुवटीवरून गळायला लागला. मी विचारलं, "पालिताण्याचा मुलगा पसंत आहे का गं?"

"नाही!"

'मम्मी म्हणेल तसं' म्हणायला दमच उरला नव्हता.

"मग महिनाभर तोंडात काय गाठिया होता?" मी म्हटलं आणि तिथूनच मुलाच्या आईला फोन लावला.