बस वळवायची जागा

कविराजांनी गुणांच्या चिठ्ठीवर वीसपैकी नऊ लिहिले आणि आकड्याखाली रेघ इतकी दाबून ओढली, की चिठ्ठी टरकन फाटली. त्यांनी दुसरी चिठ्ठी घेतली. तिच्यावरही नऊच.

कविराज हे नाव पोरांनी ठेवलेलं, चेष्टेनेच. पण सरांना ते मनातून आवडायचं. शाळेच्या वार्षिक समारंभात देशावरची कविता दर वर्षी त्यांचीच. डोंगर, नद्या, पावन माती, शूरांचं रक्त, सगळं यमकात बसवलेलं. यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नवीनच टूम काढली: बारावीच्या मुलांनी ‘मी आणि माझा देश’ यावर मनातलं लिहायचं आणि ज्याला सर्वांत जास्त गुण, त्याचं लेखन समारंभात वाचायचं. मग कवितेचं काय, हे कोणी बोललंच नाही. सरांनीही विचारलं नाही. विचारणार तरी कुठल्या तोंडाने?

आणि त्यात ही पोरगी! मागच्या बाकावर बसणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. बाप बस चालवतो, एवढीच तिची माहिती. तिने डोंगर लिहिला नव्हता, नदी लिहिली नव्हती. लिहिली होती ती बाबांच्या बसची शेवटची फेरी, सरहद्दीजवळच्या गावापर्यंतची. सरांनी ते वाचलं, परत वाचलं आणि त्यांच्या पोटात दुखायलाच लागलं. एवढ्याशा पोरीला हे सुचतंच कसं? आणि आपल्याला का नाही सुचलं इतक्या वर्षांत? जळले अगदी.

शाळेची रीत अशी, की प्रत्येक पेपर दोघांनी वेगवेगळा तपासायचा. गुणांत फार तफावत आली, तर दोघांनी मोठ्या बाईंसमोर बसायचं आणि कमी गुण देणाऱ्याने पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. दुसऱ्या तपासनीस धाकट्या बाई, सरांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी एकोणीस दिले होते.

“नऊ आणि एकोणीस!” मोठ्या बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. “दोघांनी एकच पेपर तपासलात ना?”

“भावना बरी आहे,” सर म्हणाले. “पण देश कुठाय त्यात? नुसती बस.”

“मग वाचा की, सर. ऐकू दे आम्हालाही.”

सरांनी चष्मा चढवला. किराण्याची यादी वाचावी तसं सपाट वाचायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. पण कुठलं जमायला! रिकामी होत जाणारी बस आली, मागच्या सीटवर झोपून उतरायचं विसरलेला सैनिक आला, त्याला उठवताना बाप ‘अरे बाळा’ म्हणाला, आणि सरांचा आवाज आपोआप खाली उतरला. मोठ्या बाईंनी हातातलं पेन ठेवून दिलं. ते बघून सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी ते एक वाक्य आलं, ते त्यांनी सरळ गाळलं. पुढचं वाचून पेपर मिटला, धाकट्या बाईंकडे सरकवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

“छान आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण एकोणीस जरा जास्तच होतात हं. शेवट काही जमला नाही तिला.”

सर चष्मा पुसत राहिले.

“सर, एक वाक्य राहिलं,” धाकट्या बाई हळूच म्हणाल्या.

“राहिलं असेल. डोळे दमलेत तपासून तपासून.”

धाकट्या बाई पेपर उलगडायला लागल्या. पानं उलटसुलट टाचलेली, त्यांना शेवटचं पान काही सापडेना. सरांना तो उशीर सोसवेना.

“नकाशात देश कुठेही संपू दे,” ते एकदम म्हणाले. “माझ्या बाबांचा देश बस वळवायला जागा मिळते तिथे संपतो, आणि तिथूनच परत सुरू होतो.”

पेपर धाकट्या बाईंच्या हातात होता, चष्मा सरांच्या. सरांच्या ते ध्यानात आलं, तेव्हा त्यांची मान खाली गेली.

मोठ्या बाईंनी नऊची चिठ्ठी उचलून घेतली आणि एक कोरी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी चष्मा लावला. मग भरकन आकडा लिहून त्यांनी चिठ्ठी परत केली.

मोठ्या बाईंनी ती बघितली आणि त्या धाकट्या बाईंकडे वळल्या.

“बाई, आता कमी गुण तुमचे आहेत.”