एकशे सहावर अडकलेला पारा

मी एक जुना थर्मामीटर आहे. माणसांचा नव्हे हं, शेळ्यांचा! मला कुठे घालतात ते मात्र विचारू नका, मित्रांनो. माझ्या धंद्यात लाज बाळगून चालत नाही.

मटणासाठी शेळ्या पाळणाऱ्या दोघी जावांनी मला आणलं. जनावरांचे डॉक्टर तिथून चार तासांच्या वाटेवर. माझ्याआधीचा थर्मामीटर झटकताना खांबावर आपटून फुटला होता. म्हणून थोरलीने मला कापसात गुंडाळलं आणि धाकटीला बजावलं, "याला झटकायचं बिटकायचं नाही!" एवढं कौतुक झाल्यावर मी काय फुगलो म्हणून सांगू!

एका सकाळी काळी शेळी चाऱ्याला तोंड लावेना. धाकटीने मला लावलं. पारा एकशे सहावर! थोरलीने डॉक्टरांना फोन केला.

"घरातलं औषध पूर्ण मात्रेत टोचा," ते म्हणाले. "आणि बाकीच्यांचाही ताप बघा."

औषध उरलं होतं जेमतेम एका शेळीपुरतं. धाकटीने मला पुसलं, पण झटकलं नाही. दुसरी शेळी, एकशे सहा. तिसरी, एकशे सहा. थोरलीने औषधाची बाटली उचलली.

"साथ आली गं बाई! आता सगळ्यांना थोडं थोडं वाटू."

अहो, झटकल्याशिवाय माझा पारा खाली उतरतच नाही, तो ताप एकट्या काळीचा होता! वाटलेल्या औषधाने कुणाचंच भलं होणार नव्हतं आणि काळी हकनाक जाणार होती. मी घाबरून गेलो, पण मला कुठलं तोंड? थोरलीने सुई भरलीसुद्धा.

"ताई, थांबा!" धाकटी ओरडली. तिसरी शेळी तिची बाही चघळत होती. "ही तापाने फणफणलेली दिसते का?" तिने मला बादलीतल्या गार पाण्यात बुडवलं. एकशे सहा!

थोरलीने कपाळावर हात मारला. "पाण्याला कुठला आलाय ताप! झटक त्याला!"

"तुम्हीच नको म्हणालात ना?"

"माझी अक्कल गेली होती चरायला. झटक!"

धाकटीने मला खांबापासून लांब नेऊन झटाझट झटकलं. पुन्हा लावलं, तर दोन्ही शेळ्यांना एकशे दोन. अगदी ठणठणीत! पूर्ण मात्रा काळीला मिळाली. दुसऱ्या दिवशी तिने चारा ओढला, तेव्हा थोरली तिच्या गळ्यात पडून रडली.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण कामापुरतं तरी झटका. मी फुटलो असतो, तर दुसरा आणता आला असता. काळी कुठून आणली असती?