डावा खांदा

मोना सिस्टरनं कापसाचा बोळा डाव्या खांद्याजवळ आणला आणि दादासोनं आधी आईकडं पाहिलं. लीलाबाई कॉटशेजारच्या स्टुलावर डब्याची पिशवी मांडीवर धरून बसली होती. सांगवीहून सकाळच्या एसटीनं आली ती अजून पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

"लावू का, काका?" सिस्टरनं विचारलं.

"लावा की. त्यात काय."

बोळा खांद्यावरून हलकेच फिरला. तापलेलं उलथनं टेकवावं तशी आग छातीपर्यंत गेली. दादासोनं उजव्या हातानं कॉटची दांडी आवळून धरली, पण चेहरा हलू दिला नाही.

"दहापैकी किती?"

"तीन."

"काल सकाळी आठ म्हणाला होतात."

"कालचं काल. आज बरं हाय."

सिस्टरनं आकडा टिपून घेतला, हातातल्या सुईवरची पट्टी नीट दाबली आणि औषधाचा पंप पुन्हा सुरू करून ती पुढच्या कॉटकडं गेली.

दोन वर्षांपूर्वी दादासोला नागीण उठली होती. पाठीपासून डाव्या खांद्यावरून छातीपर्यंत. फोड महिन्याभरात वाळले, पण खालच्या नसा जळायच्या थांबल्या नाहीत. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. याच्या दुखण्याची मुंगी अजून घराबाहेरच पडली नव्हती. सदरा लागला तरी आग, पंख्याचा वारा लागला तरी आग. दिसायला मात्र काही नाही. हात मोडलेल्याला प्लास्टर असतं, ते लोकांना दाखवता येतं. दादासोकडं दाखवायला काही नव्हतं, त्यामुळं गावानं ते सोंगात जमा करून टाकलं.

शेवटी बारामतीच्या या दवाखान्यात त्याला भरती करून घेतलं होतं. छातीला हृदयाच्या ठोक्यांच्या वायरी लावायच्या आणि पंपातून थेंबाथेंबानं शिरेत औषध सोडायचं. ओठ बधिर व्हायचे, जीभ जड व्हायची, छत फिरल्यासारखं वाटायचं. कापूस किती टोचतो ते विचारून रोज औषध थोडं वाढवायचं. काल संध्याकाळी, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, आग जरा बाजूला सरकली होती. तेवढ्या वेळात दादासोनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती आणि तिच्याखाली तो रडला होता. त्याच्या बायकोनं, सुधानं, ते पाहिलं होतं. आज ती धारा काढायला गावी गेली होती आणि तिच्या जागी आई आली होती.

बायकोसमोर आठ म्हणता येतं. आईसमोर कसं म्हणायचं? उसाच्या मोळ्या खांद्यावरून वाहिलेला गडी कापसानं कण्हतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि या खांद्याचं नाव तर आईसमोर निघायलाच नको होतं.

वडील गेले तेव्हा नागीण नुकतीच वाळली होती. थोरला म्हणून पाण्याचं मडकं दादासोच्या खांद्यावर आलं. ते डाव्या खांद्यावर घेऊन चितेभोवती फेऱ्या घालायच्या, मागून कुणीतरी दगडानं मडक्याला भोक पाडायचं, पाण्याची धार खांद्यावरून पडू द्यायची. पहिलंच भोक पडलं, गार धार कातडीला लागली आणि दादासोच्या हातून मडकं उडालं. फेरी पुरी व्हायच्या आत फुटलं. धाकट्या नारायणानं दुसरं मडकं आणून राहिलेलं सगळं केलं.

त्याच्या आदल्या वर्षी, ट्रॅक्टर वळायला जागा व्हावी म्हणून दादासोनं वडिलांच्या हातचे दोन आंबे तोडले होते. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. मग काय, गावाला जोडायला कितीसा वेळ लागतो! वड्याचं तेल वांग्यावर काढतात तसा यानं बापावरचा राग मडक्यावर काढला, असं ठरलं. बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळं लीलाबाईनं पाहिलं काहीच नव्हतं. तिच्या कानावर मात्र सगळं गेलं होतं. तिनं कधी विचारलं नाही. यानं कधी सांगितलं नाही.

डॉक्टर माधवी फेरीला आल्या. त्यांनी सिस्टरनं टिपलेला आकडा पाहिला.

"तीनवर आलं? छानच झालं की. मग आता औषध वाढवत नाही. उद्या घरी सोडू तुम्हाला."

औषध अजून निम्म्यावरही गेलं नव्हतं आणि खांदा होता तसा पेटलेला होता. सदरा हातात धरून, हेच उघडं अंग घेऊन परत सांगवी. पण आता खरं बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दादासो म्हणाला, "बरं."

डॉक्टर गेल्या तशी लीलाबाई स्टुलावरून उठली. उद्या घरी म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती.

"आसं उघडं का बसलायस? त्या एसीनं किती गार पडलंय हितं," ती म्हणाली, आणि त्याला कळायच्या आत तिनं आपल्या अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

दादासो ओरडला. त्याचा हात आपोआप वर गेला आणि शाल आईच्या हातासकट दूर झटकली गेली. लीलाबाई दोन पावलं मागं गेली. शेजारच्या कॉटवरचे लोक वळून बघू लागले.

शाल फरशीवर पडली होती. लीलाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग त्याच्या खांद्याकडं. मग त्याच्या हाताकडं.

"मडक्याचं पानी लागलं," ती सावकाश म्हणाली, "तवा आसंच झालं व्हतं?"

दादासोनं मान खाली घातली.

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू, आई? पानी लागलं म्हनून सांगू? बापाच्या चितेपाशी?"

लीलाबाई स्टुलावर टेकली.

"मी बी इचारलं न्हाय," ती म्हणाली. "त्यो तुजा बाप, म्हनून न्हाय इचारलं. वाटलं, रागानंच फेकलं म्हनलास तर काय करू."

मग तिनं दाराकडं तोंड करून सिस्टरला हाक मारली. "ए पोरी, त्या डॉक्टरीनबाईस्नी माघारी बोलीव. तीन न्हाय त्ये. लई हाय."

सिस्टर धावत गेली. लीलाबाईनं पिशवीतून मोबाइल काढून दादासोपुढं धरला. "नारायणाला लाव."

त्यानं उजव्या हातानं फोन लावून दिला. लीलाबाई फोनवर नेहमीच अशी बोलायची, की फोन नसता तरी सांगवीला ऐकू गेलं असतं.

"नारायणा, मी गेल्यावर मडकं तू धर म्हनून तुला सांगितलं व्हतं ना? त्ये ऱ्हाऊ दे. थोरलाच धरंल."

दादासो तिच्याकडं बघतच राहिला. हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या आईनं आपल्याला वगळून स्वतःच्या मरणाची सोय लावून ठेवली होती. आपण दोन शब्द बोललो असतो तर तिला ती लावावी लागली नसती. मडकं फुटलं तेव्हाही त्याला इतकी लाज वाटली नव्हती. डोळे भरून आले, आणि सगळा वॉर्ड बघत असताना त्यानं ते पुसलेही नाहीत.

"उजव्या खांद्यावर घील त्यो," लीलाबाई फोनमध्ये म्हणाली.

पलीकडून नारायणाचा आवाज कॉटपर्यंत आला. "अगं आई, मडकं डाव्याच खांद्यावर घेत्यात. लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे," लीलाबाई म्हणाली. "मी कुठं ऐकायला आसनार हाय."