पलीकडची मळई

हंबीररावांनी पलीकडच्या काठाला भिंत घातली, तवा माझी लेक त्यांच्या घरात देऊन वर्ष झालं होतं. दुष्काळ सरला आणि कराडच्या खाली ज्याला त्याला कृष्णेचं पाणी उपसायचा नाद लागला. हंबीररावांनी काठाला जॅकवेल, म्हंजे पंपाची विहीर, बांधली, आणि तिला पूर लागू नये म्हणून दगडी भिंत पार पाण्यात पुढं काढली. आडवं कुणी आलं की नदी बाजूला सरते. ती सरली माझ्याकडं.

काठाला माझी वांग्यांची मळई. पुराचा गाळ बसायचा आणि हिवाळ्यात त्यावर अशी वांगी यायची, की सांगलीच्या बाजारात लोक "बनुबाईची द्या" म्हणून मागायचे. नवरा लवकर गेला. दोन पोरं मी या मळईवर मोठी केली, कुणाच्या दारात गेले नाही. भिंत झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात मळईची कड तुटली. पुढच्या पावसाळ्यात बांधावरची बाभळ गेली. आता नदी गोठ्याकडं बघायला लागली.

मग गेले एकदा दारात. लेकीला पोर होईपर्यंत तिच्या घरचं पाणी आमच्यात चालत नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. म्हटलं, "व्याही, भिंत जरा आत घ्या."

हंबीरराव सुपारी कातरत होते. "विहीणबाई, लेक दिली तवा घर बघितलं, जमीन बघितली. नदी बघायची राहिली व्हय?"

लेक दिलेल्या बाईनं यावर काय बोलायचं? तशीच माघारी नावेत येऊन बसले.

थोरला जोतीराम पलटण सोडून घरी आला. काठ बघून त्यानं कराडच्या कॉलेजातला एक साहेब आणला. साहेब म्हणाला, "तुम्हीही दगडाचा धक्का पुढे काढा. पाणी परत तिकडे वळेल."

"तिकडं म्हंजे कुठं?"

त्यानं बोट केलं. भिंतीच्या खालच्या अंगाला हंबीररावांचा मळा, मळ्याच्या डोक्याला घर.

"त्या घरात माझी लेक हाय."

"मग अवघड आहे," साहेब म्हणाला आणि चहा पिऊन गेला. शिकलेल्याला एवढं कळलं, हेच लय झालं.

जोतीरामनं तरी ट्रॅक्टरनं दगड आणून काठावर ढीग घातला. तवा लेक विजयमाला पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडंच होती. ढीग बघून म्हणाली, "दादा, दगड टाकलेस तर सासरी मला रोज ऐकावं लागंल. न्हाई टाकलेस तर आईचं तोंड बघवणार न्हाई. मी ऱ्हाऊ कुठं?"

जोतीरामनं माझ्याकडं बघितलं. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की हात घालायचा. तू हिला पोचवून ये, मग सांग."

माघात लेक आणि नातू घेऊन मी नावेतनं पलीकडं गेले. आता त्या घरचं अन्न मला चालत होतं. विहीण धोंडुबाईनं पाट मांडला, ताट वाढलं. भाकरी आणि भरलं वांगं.

पहिला घास घेतला आणि हात थांबला. पातळ साल, लोण्यासारखा गर. हे वांगं मी आंधळी झाले तरी वळखीन.

"वांगी कुठली?"

"घरचीच की," धोंडुबाई म्हणाली. "भिंतीच्या आडाला गाळ बसून आयती मळई झालीया. बी सूनबाईनंच माहेरनं आणलेलं."

बी माझं होतंच. मातीबी माझीच होती. विजू वाढायचं सोडून चुलीकडं तोंड करून उभी राहिली.

"नदीनं दिली, कुणाचं देणं लागत न्हाई," हंबीरराव हसले. "तुमच्या नातवाच्या नावानं करतोय ती, विहीणबाई."

मी धक्का घातला तर पहिल्या पुरात तीच मळई जाणार होती. पोर माझ्या मांडीवर मूठ चोखत पडलं होतं.

"मीठ कमी पडलंय," मी म्हणाले, आणि ताट पुसून खाल्लं.

परत आले तर जोतीराम काठावर वाट बघत होता. "मग? टाकायचं न्हवं दगड?"

"गोठ्याचं नवं जोतं घाल त्या दगडांचं. मागं सरकव गोठा."

"आणि मळई?"

मी पायताण झटकत होते. मळईचंच ढेकूळ चिकटलं होतं त्याला.

"किती मागं घ्यायचा, आई?" त्यानं विचारलं.

"लय मागं," मी म्हटलं.