दोन नंबरची गोधडी

मर्ल हॉस्टेटरच्या बंदुकीला नेमबाजी क्लबात सगळे गोधडी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. नळी एका बंदुकीची, ती जिच्यात बसवली तो सांगाडा दुसरीचा, पंपाची लाकडी मूठ तिसरीची, गोळ्या भरायचं नळकांडं चौथीचं, आणि चाप, घोडा, दस्ता हा मागचा अर्धा भाग पाचवीचा.

"हिची आई कोण, ते तरी सांगता येतं का रे?" कोणीतरी दरवर्षी विचारायचंच.

"नाही बुवा," मर्ल म्हणायचा. "पण स्वभाव चांगला आहे. तुमच्या घरात आहे का असं कोणी?"

स्वभाव खरंच चांगला होता. बावीस बोअरच्या बारक्या गोळ्या ती हरभरे खाल्ल्यासारखी खायची. मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस वर उडायचं, कधी नेमकं मर्लच्या कॉलरमध्ये पडून पाठ भाजायचं. मूठ पुढे ढकलली की दुसरी गोळी तयार. कोठाराच्या मागे कुंपणावर सूपचे रिकामे डबे मांडून मर्ल आणि त्याची बायको लोइस शनिवारची दुपार घालवत. डबा टणकन उडाला की लोइस अशी हसायची की शेजारच्या गायी माना वर करायच्या. बंदूक घरात आली ती तिच्यासाठीच. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली, आणि डबे तेवढे साठत राहिले.

मागचा भाग लोइसचा, माहेरून आलेला. तिचे वडील हार्लन यांच्याकडे एकच बंदूक होती, मधला स्क्रू फिरवला की दोन तुकडे होणारी. पोरं मोठी झाली तेव्हा म्हाताऱ्याने पुढचा अर्धा भाग मुलाला दिला आणि मागचा मुलीला. "क्लेटनने त्याचा भाग ओढ्यात पाडला," लोइस सांगायची. "मग मला काय, दस्ता राहिला. कोंबड्या हाकायला." लग्न झाल्यावर मर्लने जुन्या बाजारातल्या खोक्यांमध्ये हात घालघालून पुढचा भाग जमवला, कानशीने घासघासून बसवला आणि तिच्या हातात दिला. त्याने तिला दुसरं फारसं काही कधी दिलं नाही, पण तिने तक्रारही केली नाही.

क्लेटन म्हणजे मर्लचा मेव्हणा आणि क्लबचा अध्यक्ष. आयुष्यभर लोकांना विमा विकला, त्यामुळे आपल्यावर संकट येऊ शकतं हे त्याला कधी पटलं नाही. त्याच्या बैठकीत भिंतीवर काचेआड एक बंदूक होती, हार्लनकडची दुसरी, म्हणे. म्हातारा गेल्यावर ती अचानक उगवली. "बाबांनी मला गुपचूप दिली होती," एवढं एक वाक्य, आणि लोइस भावाला खोटं पाडणाऱ्यातली नव्हती. क्लेटन पांढरे हातमोजे घालून तिला तेल लावायचा. गोळी मात्र एकही नाही. गोळी मारली की म्हणे बंदुकीचं पावित्र्य जातं. शरदातल्या हॅमच्या शर्यतीला, म्हणजे डुकराचं मांस बक्षीस असलेल्या नेमबाजीला, तो ती मिरवत आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि मिरवत परत न्यायचा. लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखी ती बिचारी नुसती बसून यायची.

लोइस गेल्यावर क्लेटनला बहिणीचं प्रेम एकाएकी अनावर झालं. सफरचंदाची पाई घेऊन तो मर्लकडे यायला लागला.

"ती गोधडी नुसती पडून आहे," तो म्हणायचा. "मोडून टाक. मागचा भाग मला दे. लोइसची आठवण म्हणून."

"आठवण हवी तर तिचं शिवणयंत्र ने," मर्ल म्हणाला. "ओतीव लोखंडाचं आहे. येताना दोन माणसं आण."

शिवणयंत्र क्लेटनने नेलं नाही. पुढच्या वेळी पाईही आणली नाही. त्याऐवजी त्याने क्लबात ठराव आणला. जुन्या बंदुकांच्या शर्यतीची शान राखायची, तर बंदुकीच्या पुढच्या आणि मागच्या भागावर कोरलेला नंबर एकच हवा. दोन नंबरचा माल चालणार नाही. बटाट्याच्या सॅलडने तोंडं भरलेली होती, म्हणून विरोध कोणी केला नाही. हात मात्र सगळ्यांचे वर.

मर्लला हे लागलं. ही शर्यत तो आणि लोइस दर शरदात त्याच बंदुकीने खेळले होते, आधी ती, मग तो. मागच्या वर्षी त्याला बाहेर पडवलंच नव्हतं. यंदा तिच्या वाटच्या गोळ्याही आपणच मारायच्या, असं त्याने ठरवलं होतं. नियम ठाऊक असूनही शर्यतीच्या दिवशी तो गोधडी घेऊन गेला. तोंडावर नाही म्हणू देत, मग बघू.

तपासणीच्या टेबलावर व्हर्ना स्टॉल बसली होती. क्लबची चिटणीस, हातात भिंग, जिभेला हाड नाही. लहानपणी ती हार्लनच्या शेजारी राहायची.

"गोधडी आली वाटतं," ती म्हणाली. "उघड."

मर्लने स्क्रू फिरवून दोन तुकडे तिच्यापुढे ठेवले.

"पुढे नंबराच्या शेवटी एकतीस," व्हर्नाने मोठ्याने वाचलं. "मागे शेवटी आठशे सहा. मर्ल, दोन नंबरची आहे रे तुझी."

हशा झाला. सगळ्यात मोठा क्लेटनचा. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं, पण अध्यक्षाला मन घट्ट करावं लागतं. त्यापेक्षा आता तरी मोड ती. मागचा भाग आजच देऊन टाक."

मर्लने तुकडे उचलले आणि तिथेच थांबला. या माणसाला एवढी घाई कसली, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला. माणूस हळू होता, पण एकदा पोचला की हलत नसे.

"व्हर्ना," तो म्हणाला, "अध्यक्षांचीही उघड की."

"माझी?" क्लेटन म्हणाला. "अरे, ती काय खेळायला आणलीय? मी ती कधी उघडतसुद्धा नाही! पावित्र्य..."

"टेबलावर आली ना? मग उघडायची," व्हर्ना म्हणाली. "नियम तुझाच आहे, क्लेटन. मी तर सॅलड खात होते."

स्क्रू मात्र असा अलगद फिरला, जणू रोज फिरवत असावेत. व्हर्नाने मागचा भाग पाहिला, तिथे कोणतातरी भलताच नंबर होता. मग पुढचा उचलला, भिंग जवळ नेलं, लांब नेलं.

"शेवटी आठशे सहा," ती म्हणाली. यावेळी हळू.

चर्चच्या बायका पाई कापत होत्या, त्यांच्या सुऱ्याही थांबल्या. मर्लच्या हातातल्या दस्त्यावर आठशे सहा, क्लेटनच्या नळीखाली आठशे सहा. शान राखायला निघालेल्या अध्यक्षांची बंदूकही गोधडीच, फक्त तिला काचेचं कपाट होतं.

"ओढ्यात पडली होती ना?" मर्लने विचारलं.

क्लेटनचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा झाला. "पोरगा होतो मी," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, दोघं मिळून जाल तरच बंदूक चालेल. दरवेळी लोइसला बरोबर न्यायचं! मित्र हसायचे. म्हणून म्हटलं, पडली. आणि नंतर मागचा भाग दुसरीकडून आणला." मग तो म्हणाला, "ती विचारेल, असं वाटायचं. तिने कधी विचारलंच नाही."

"विचारलं नाही, कारण तिला खरं वाटलं," मर्ल म्हणाला. त्याला राग आला होता, चांगलाच आला होता, आणि तो लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं.

व्हर्नाने घसा साफ केला. "नियमाने बघायचं, तर या टेबलावर एकच बंदूक पात्र आहे. तिचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे."

मर्लने क्लेटनचा पुढचा भाग घेतला, लोइसचा मागचा लावला आणि स्क्रू फिरवला. कानस लागली नाही, ठोकावं लागलं नाही. कट्ट करून बसली. लोइसला हे बघायला मिळायला हवं होतं, एवढंच त्याच्या मनात आलं. मग ती बंदूक त्याने क्लेटनच्या हातात दिली.

"मार. पावित्र्य गेलं तर जाऊ दे."

क्लेटनने ती खांद्याला लावली आणि अवघडला. कोपर बरगडीत रुतलं, अंगठा नाकावर आला. गोळी सुटली, डबा जागचा हलला नाही.

"दस्ता फारच आखूड आहे," तो पुटपुटला.

"तुझ्या बापाने कापलाय," मर्ल म्हणाला. "लोइसच्या हाताच्या मापाने. अर्धी बंदूक तिची होती, ती अशी."

दस्त्याच्या कापलेल्या कडेवरून क्लेटनने हातमोजा न घालता बोट फिरवलं. मग सगळ्यांसमोर विमावाल्याचे डोळे भरून आले, आणि यावेळी ते अश्रू खरे असावेत, कारण विकण्यासारखं समोर काही नव्हतं.

"आता ही अशीच राहू दे, मर्ल," तो म्हणाला. "जोडलेली. माझ्याकडे नाही, क्लबात ठेवू. काचेत."

"काचेत?" मर्ल म्हणाला. त्याने बंदूक परत घेतली, स्क्रू सोडवला, पुढचा भाग क्लेटनच्या हातात ठेवला आणि मागच्याला आपला चार बंदुकांचा पुढचा भाग जोडायला घेतला. "मारायची असेल तर शनिवारी घरी घेऊन ये. मागची बाजू लोइसकडे असते."