बारा, सत्तावीस, एक्केचाळीस

बाबा मेन्यूकार्ड वाचत होते आणि टेबलाखाली माझा पाय सारखा हलत होता. कागदी रुमालाच्या मी एव्हाना चिंध्या केल्या होत्या.

मला एकच विचारायचं होतं, बसचा आरसा फुटला कसा? बाबा शाळेची बस चालवतात आणि त्याच बसने माझी लेक शाळेत जाते. सात वर्षांची आहे, घरात सगळे तिला चिमणी म्हणतात. शुक्रवारी शाळेच्या फाटकापाशी बसचा आरसा फुटला. बाबा म्हणाले, उभ्या बसला कुणीतरी ठोकलं. शेजारीण म्हणाली, बस चालू होती. मी एका कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. अनोळखी माणसाच्या पोटातलं मी दोन मिनिटांत काढून घेते, पण स्वतःच्या बापापुढे माझी दातखीळ बसते. म्हणून रविवारी त्यांना गल्लीच्या टोकाच्या चायनीजमध्ये आणलं. चार लोकांत ते आवाज चढवणार नाहीत, एवढीच माझी अक्कल.

"बाबा, डोळे तपासून आलात?"

"आलो की. डॉक्टर जळला माझ्यावर. म्हणाला, या वयात असे डोळे बघितले नाहीत." कार्डावरून त्यांचं बोट ओळीओळीने खाली चाललं होतं. कपाळावर आठ्या, अगदी परीक्षेला बसल्यासारख्या.

मालकीणबाई वही घेऊन आल्या. इथल्या पदार्थांची नावं कुणाच्याच जिभेवर वळत नाहीत, म्हणून सगळी गल्ली आकड्यांत जेवते. "बारा, सत्तावीस, एक्केचाळीस," बाबा रुबाबात म्हणाले. सूप, नूडल्स, फ्राइड राइस. आई होती तेव्हापासून हेच.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"वीस वर्षं खातोय. नक्की काय विचारता?"

बाई खांदे उडवून गेल्या. मी कार्ड उघडलंही नाही. आता विचारू, की सूप आल्यावर विचारू, एवढंच डोक्यात घोळत होतं. समोर चिमणी काड्यांनी मिठाची बाटली उचलायच्या खटपटीत होती. एरवी मी ओरडले असते.

सूप आलं. मागोमाग दुसरं सूप आलं. तिसऱ्या भांड्यात गोड पाकातल्या लिच्या होत्या.

"तुमचा काहीतरी घोळ झालाय," बाबा म्हणाले.

"घोळ नाही हो," बाई म्हणाल्या. "महिना झाला नवं कार्ड काढून. सगळे नंबर बदललेत. वर लिहिलंय ना." त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. बोटभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'नंबर बदलले आहेत'.

हेच कार्ड बाबा पाच मिनिटं वाचत होते.

बाई गेल्या. माझा पाय थांबला. "बाबा, तुम्हाला दिसत नाही."

"दिवे बघ कसले लावलेत. मिणमिणते."

दिवे ऑपरेशन करता येईल इतके लख्ख होते. मी काही बोलणार, तेवढ्यात चिमणी म्हणाली, "अगं आई, त्याने काही बिघडत नाही. मी सांगते ना आबांना."

"काय सांगतेस?"

"सगळं. मी पुढेच बसते. सिग्नल लाल झाला की लाल म्हणते. कुणी आडवं आलं की थांबा म्हणते. फाटक आलं की थोडं डावीकडे." मग तिचा आवाज बारीक झाला. "शुक्रवारी मैत्रिणीने बोलावलं म्हणून मी मागे बसले. म्हणून ठोकलं. माझंच चुकलं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "बाबा, सात वर्षांच्या पोरीच्या जिवावर बस चालवता? तीस पोरं असतात मागे." बाजूच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मीच आवाज चढवला होता.

बाबा चिमणीकडे वळले. "तुझं नाही चुकलं गं," ते तिला म्हणाले.

"चुकलं. मला वळायचं सांगायचं होतं."

बाबांनी खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला. मग माझ्या हातात दिला. "शाळेच्या मोठ्या बाईंना लावून दे."

"मी बोलते त्यांच्याशी."

"नको. हिला माझ्या तोंडून ऐकू दे."

मी नंबर लावून दिला. फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"बाई, शुक्रवारी बस मीच ठोकली," ते म्हणाले. "मला दिसत नाही. वर्ष होत आलं. उद्या दुसरा ड्रायव्हर बघा."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. बाबा नुसते हो, हो म्हणत होते. चिमणी खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून गेली आणि त्यांची बाही ओढायला लागली.

"आबा, त्यांना नको ना सांगू," ती रडत म्हणाली. "मी परत कधीच मागे बसणार नाही."