बोटांखालची भूक

तांब्याच्या पेल्यातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. रात्री तिने तो काठोकाठ भरून, झाकून खिडकीशी ठेवला होता — तांब्यातलं रात्रीचं पाणी सकाळी उठल्याउठल्या प्यायचं, हा नवऱ्याने घालून दिलेला नियम — आणि आता झाकण जागच्या जागी, पाणी मात्र अर्धं. प्यायले का मी? तिने जीभ टाळूला लावून पाहिली. कोरडी होती... की ओली होऊन पुन्हा वाळली होती? घरात दुसरं कोणी नव्हतं. तिने उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि तहान होती की नव्हती, ते तसंच राहून गेलं.

तो होता तेव्हा हा प्रश्नच नसायचा. नवरा वैद्य; रोज सकाळी तो तिचा डावा हात हातात घ्यायचा, मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटायचा आणि सांगायचा — झोप अर्धवट झालीय तुझी, भूक आहे पण अजून खरी नाही, ऊन उंबऱ्यात आलं की जेव — आणि ऊन उंबऱ्यात आलं की तिला खरंच कडकडून भूक लागायची. आधी भूक की आधी त्याचं बोलणं, हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही. गंमत म्हणजे रोग्यांना तो बजावायचा, शरीराचा वेग अडवू नका. शिंक, जांभई, भूक, रडू, आलं की येऊ द्या. नणंदेने एकदा चारचौघांत विचारलं होतं, "वहिनी, तुझी शिंकसुद्धा दादाला विचारून येते की काय?" सगळे हसले, तीही हसली, आणि नेमकी तेव्हा आलेली शिंक कुठे गेली ते तिला कळलंच नाही.

तो जाऊन हिवाळा उलटला. तळपायांना तेल, कोमट पाण्याची अंघोळ, अंगणातल्या फेऱ्या, सगळं नेमाने चाललं होतं. फक्त ब्लाउज खांद्यावरून ओघळत होते. डॉक्टरांनी लेकीला स्पष्टच सांगितलं होतं, आणखी वजन उतरलं तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल. तिला भीती वाटत होती. नळीची नाही... कुणी परकं येऊन मनगट धरेल, याची.

दुपारी लेक चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून तशीच आली, भात गरम केला, ताट मांडलं.

"आई, भूक लागलीय ना?"

"बघते हं."

"बघते काय! आतून कळत नाही तुला?"

आतून म्हणजे कुठून, हे लेकीला कसं विचारायचं?

"आण तो हात, मीच सांगते." लेकीने थट्टेने तिचं डावं मनगट ओढलं, तीन बोटं ठेवली, डोळे मिटले, हनुवटी वर केली — हुबेहूब तो. पोटात काहीतरी कान देऊन उठून बसलं. पण लेक डोळे उघडून हसली. "मला नाडी सापडतच नाहीये गं. बाबांना कशी लगेच सापडायची?" तिचं हसू पुरतं उमटलं नाही, ती वाढायला वळली.

मग आईने आपल्याच उजव्या हाताची बोटं त्या मनगटावर ठेवली. उडत होती. संथ, स्पष्ट... मनगटात, की बोटांच्या टोकांत? कोण कोणाला मोजतंय? तिने बोटं सैल केली तरी ठोके तेवढेच. आणि पोटात खड्डा पडला, असा की ती दचकली.

"भूक लागलीय," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, फक्त रोग्याला सांगावं तसा सावकाश.

लेकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने भात वाढला, वर आणखी वाढला. वाफ नाकात शिरली आणि तिला ते सगळं हवं झालं, ताटासकट हवं झालं. इतकी वर्षं कुठे होती ही भूक? की ही माझी नव्हेच... शेवटच्या आजारात त्याने स्वतःचीच नाडी पाहून अन्न बंद केलं होतं, आता पोटात अन्न पचवणारा अग्नी उरला नाही म्हणाला होता, आणि तसाच उपाशी गेला होता.

"जेव ना, आई."

जेवायला उजवा हात हवा होता आणि तो डाव्या मनगटावर होता. उचलते, ती मनात म्हणाली. आणि उचल असं कोणी म्हणेल म्हणून वाट पाहत राहिली.